साहेब फाइलीत बसलेत

१

पवळी गाय तिसऱ्यांदा नाहीशी झाली, तेव्हा ती आपल्या खुंट्याला बांधलेलीच होती. शेजारच्या म्हशीपुढच्या उसाच्या वाढ्यांकडे मान लांब करून बघत होती. नाहीशी झाली होती ती यादीतून.

तेलगावच्या अलीकडच्या माळावर सहकारी संस्थेची चारा छावणी होती. २०१९ चा उन्हाळा, विहिरीत बादली सोडली की नुसता बादलीचा आवाज यायचा. छावणीचा नियम सोपा होता. जनावर यादीत असेल तर त्याला चारा, नसेल तर नाही. बायनाबाईंनी पवळीला सोमवारी आणलं. फाटकावरच्या रामकिसननं तिचं नाव संगणकात घातलं आणि बायनाबाईंनी काचेला नाक लावून ते बघितलं. संध्याकाळी यादी छापून निघाली तर पवळी नाही. मंगळवारी पुन्हा घातली, संध्याकाळी पुन्हा नाही. बुधवारीही तेच. शेजारणी आपापल्या जनावरांतलं मूठ मूठ द्यायच्या म्हणून पवळी उभी होती.

गुरुवारी संध्याकाळी पाचला यादी तहसिलात जाणार होती. तिथं एकदा शिक्का बसला की नवं जनावर घेणं बंद, आणि यादीत नसलेलं जनावर छावणीबाहेर. बायनाबाईंच्या घरी चाऱ्याची काडी नव्हती. पवळी गाभण होती. बाहेर म्हणजे नेकनूरचा जनावरांचा बाजार, हे छावणीत सगळ्यांना न सांगता कळत होतं.

"बाजारात नेलेली गाय मागं वळून बघती," बायनाबाई म्हणायच्या. "ते मला बघवायचं न्हाई."

त्यांनी तालुक्याला जाऊन सहकार कार्यालयात अर्ज टाकला. गुरुवारी सकाळी एसटीतून लेखापरीक्षक द्वारका मॅडम उतरल्या. खांद्याला कागदांची पिशवी, कडेवर आठ महिन्यांची गोदा. सासूबाई परळीला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि नवऱ्याची शाळा होती, तेव्हा चौकशीला गोदाही आली. धारूरच्या घाटात ती रडली आणि छावणीच्या फाटकात झोपली.

चेअरमन सुंदरराव शाल-नारळ घेऊन पुढे आले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तसं द्वारकानं ओठावर बोट ठेवलं.

"हळू," ती कुजबुजली. "ही उठली तर चौकशी बंद."

ऑफिसच्या आड्याला साडीची झोळी बांधली गेली. झोळीखाली टेबल, टेबलाशी चौकशी. जिल्ह्यात सहकाराच्या चौकशा पुष्कळ झाल्या असतील, पण कुजबुजत झालेली ही पहिलीच.

"मॅडम, हे राजकारण हाय," सुंदरराव वाकून कुजबुजले. "मला बदनाम करायचं चाललंय. हिचा पुतण्या माझ्यासमोर विलेक्शनला पडला."

"राजकारण त्येंचंच हाय," उंबऱ्यात बसलेल्या बायनाबाई तितक्याच हळू म्हणाल्या. "पुतण्याचा राग गाईवर काढला."

"त्या यादीत लिहिता किती जणांना येतं?" द्वारकानं विचारलं.

"दोघांला. फाटकावर रामकिसन, गोदामात मकसूद."

सुंदररावांनी मिशीवरून हात फिरवला. मग जरा थांबून, काहीतरी मनात तोलून, ते म्हणाले, "आन् मी."

२

यादी कुठल्याच एका संगणकात नव्हती. ऑफिसच्या फळीवर वैजनाथाच्या तसबिरीखाली एक काळा डबा होता, दोन हिरवे दिवे मिचकावणारा. यादी त्याच्या पोटात. तिथून एक वायर फाटकावर, एक गोदामात, एक चेअरमनच्या टेबलावर. संगणक तीन, पण यादी एकच. तिन्ही ठिकाणांहून त्याच एका यादीत लिहायचं.

चेअरमनच्या संगणकावर लाल मखमलीचं कव्हर होतं. सुंदररावांच्या मंडळींनी शिवलेलं, कडेला जर. त्यावर दसऱ्याचं कुंकू तसंच होतं. शेजारी कूलर घुंघुं करत होता आणि गोदाच्या झोळीवर गार वारा येत होता, म्हणून द्वारकाला त्या कूलरबद्दल माया वाटली.

पहिला रामकिसन आला. सडपातळ माणूस, बोलताना सदऱ्याची एक बाही सारखी पाठीमागे लपवणारा.

"बाही दाखवा," द्वारका म्हणाली.

बाही कोपरापर्यंतच होती. पुढची कुठं गेली ते त्यानं मान खाली घालून सांगितलं. "दोरीवर वाळत घातलता. पवळीनं खाल्ला."

"म्हणजे तुमचं आणि पवळीचं वैर."

"वैर कसलं मॅडम. जनावर हाय. सदरा नवा होता, येवढंच." त्यानं मागे उंबऱ्याकडे बघितलं. "मी काढली न्हाई वो तिला. मीच तर घातली. तीनदा."

"मग काढली कुणी?"

रामकिसननं झोळीकडे बघितलं, तसबिरीकडे बघितलं आणि आवाज इतका खाली नेला की द्वारकाला ओठांवरून शब्द वाचावे लागले.

"सांगू का? फाइलीत साहेब बसलेले असतेत."

"म्हणजे?"

"आपण यादी उघडाय गेलो की कधी कधी पाटी येती. ही फाइल चेअरमनसाहेब यांच्याकडं उघडी हाय, तुमाला नुसतं वाचता येईल. म्हंजे साहेब आत बसून बघाय लागलेत, कोण काय लिहितंय. मग मी काय केलं, साहेब उठायच्या आतच उघडायला लागलो. सकाळी उजाडलं की फाटक उघडायच्या आधी यादी उघडतो, दुपारी जेवाय जाताना बंद करतो. तेवढ्यात साहेब येत न्हाईत."

"साहेबांना विचारलं कधी?"

रामकिसननं तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिनं त्याला परळीच्या वीज केंद्राच्या धुरांड्यावर चढायला सांगितलं होतं.

"एकदा इचारलं," तो म्हणाला. "साहेब, काल तुमी फाइलीत होता का म्हणून."

"मग?"

"साहेब म्हनले, आमचं लक्ष सगळीकडं असतं."

द्वारकानं त्याला फाटकावर नेलं आणि आपल्यासमोर पवळीचं नाव चौथ्यांदा घालायला लावलं. नाव बसलं. तिनं स्वतः बघितलं. पण ते संध्याकाळपर्यंत टिकेल, असं रामकिसनला वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही.

३

गोदामात मकसूद वजनकाट्यापाशी बसला होता. एका बाजूला संगणक, दुसऱ्या बाजूला वाढ्यांचा ढीग, मध्ये चहा. वडिलांचं माजलगाव रस्त्याला ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे त्याला कुठलंही यंत्र दिसलं की आधी त्याच्या पाठीवर थाप मारायची सवय. संगणकावरही तो बोलता बोलता थाप मारत होता.

"हळू," द्वारका म्हणाली. गोदा या वेळी तिच्या खांद्यावर होती.

"जी." त्यानं थाप अर्ध्यावर थांबवली.

"बायनाबाईंशी तुमचं भांडण आहे, असं ऐकलं."

"भांडण न्हाई मॅडम, बेइज्जती हाय," मकसूद कुजबुजला. "सगळ्या छावणीसमोर म्हनल्या, मकसूदचा काटा चोर हाय. आता काटा संस्थेचा. माझा असता तर मी चोर. खामखा माझं नाव."

"म्हणून तुम्ही गाय काढली?"

"कसम से, मॅडम. मी तर त्या फाइलीला हातबी लावत न्हाई." त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. "सकाळी उघडाय गेलो की साहेब आत. आता साहेब आत असताना आपण कशाला मधी घुसायचं? अदब म्हनून काय हाय का न्हाई? मी आपला बाजूला बसून माझं माझं लिहितो. कुणाला किती चारा, तेवढंच. साहेब निघून गेले की मग बघायचं."

"आता आहेत का साहेब आत?"

"असणारच की. बघा तुमी."

त्यानं यादीवर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर पाटी आली. द्वारकानं ती वाचली, पुन्हा वाचली. ही फाइल चेअरमनसाहेब यांच्याकडे उघडी आहे. फक्त वाचता येईल.

"बघा," मकसूद म्हणाला. त्याच्या आवाजात भीती होती आणि थोडा अभिमानही, आपला चेअरमन इतका कामाचा आहे याचा.

द्वारकानं गोदाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि खिडकीतून बाहेर बघितलं. लिंबाखाली, ऑफिसपासून बऱ्याच लांब, सुंदरराव टँकरच्या ड्रायव्हरशी हातवारे करत भांडत होते. हातात संगणक नव्हता. फोनही नव्हता. एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात पेरू.

४

मग गोदा उठली.

सगळी छावणी थांबली. रामकिसन फाटकावरून धावत आला, मकसूदनं चहा खाली ठेवला, आणि दोघांनी तिला बघून एकाच वेळी टाळ्या वाजवायचा विचार केला आणि एकाच वेळी सोडला. द्वारकानं तिला कडेवर घेतलं आणि छावणीच्या गल्ल्यांतून चालायला लागली. रडणाऱ्या लेकराला जनावरांसारखं दुसरं औषध नाही. म्हशीची शेपटी हलली की गोदाचं रडं थांबायचं, शेपटी थांबली की सुरू.

चालता चालता एका खुंट्यापाशी द्वारकाच थांबली. खुंट्याला दावं नव्हतं, जनावर नव्हतं. खुंट्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं. आणि पुढे ताज्या वाढ्यांची एक अख्खी पेंढी पडली होती. शेजारची म्हैस मान वाकडी करून ती खात होती आणि तिच्या तोंडावर चोरीचा भाव अजिबात नव्हता.

मागे गोणपाटावर एक म्हातारा बसला होता. धुळाजी.

"इथं काय बांधलेलं असतं, बाबा?"

"सरदार. माझा बैल." म्हाताऱ्यानं खुंट्याकडे बघितलं. "मंगळवारी पहाटं गेला. म्हातारा झालता. माझ्यासारखाच, पर त्यो आधी गेला."

गोदानं हात पुढे केला. म्हाताऱ्यानं तिच्या हातात आपलं बोट दिलं.

"मग हा चारा?"

"सरदाराचाच." धुळाजी ओशाळला. "मी रामकिसनला सांगितलं, बाबा बैल गेला, नाव काढ. त्यानं काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारा आला. पुन्हा सांगितलं, पुन्हा काढलं. पुन्हा आला. कुणी म्हनतं सरदार परत येतोय. मला तर वाटतंय, सरकारला त्याची आठवण येत आसंल."

द्वारका मनाशी हिशेब मांडू लागली. गोदानं म्हाताऱ्याचं बोट तोंडात घातलं होतं आणि ती गप्प होती.

पवळीवर राग असेल असे तिघं होते. एकाचा सदरा गेला होता, एकाची इज्जत, एकाच्या मनात निवडणुकीची अढी. रागानं गाय यादीतून काढता येते. पण रागानं मेलेला बैल जिवंत कशाला करायचा? सरदारवर कुणाचं प्रेमही नव्हतं आणि वैरही नव्हतं, धुळाजी सोडून. आणि धुळाजीला कळ कुठली दाबायची ते माहीत नव्हतं. म्हणजे कुणी गाय काढत नव्हतं आणि कुणी बैल घालत नव्हतं. रामकिसननं दिवसा जे जे केलं, ते सगळंच्या सगळं संध्याकाळी पुसलं जात होतं. नवी गाय जात होती, जुना बैल परत येत होता. बाकीची जनावरं कधीचीच नोंदलेली, इतर कुणाचं काही बदलत नव्हतं, म्हणून बाकी कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

चोर गाय नेत नव्हता. चोर रोज संध्याकाळी सकाळ परत आणून ठेवत होता.

ती फाटकावर परत आली. "रामकिसन, यादीत आणखी एक नाव घाला."

"कुणाचं?"

"गोदा. मालक द्वारका. वय आठ महिने. रंग गव्हाळ."

रामकिसनचा हात कळांवर थांबला. "शिंगं?"

"अजून नाहीत," द्वारका म्हणाली. "दातसुद्धा दोनच आहेत. लिहा."

५

दुपारी रामकिसन यादी बंद करून जेवायला गेला. द्वारका गोदामात, वाढ्यांच्या ढिगामागे, गोदाला पाजायला बसली. मकसूदनं लाजून संगणकासकट तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तिच्याकडे पाठ करून काम करत राहिला. त्यामुळे तिच्या समोर त्याचा पडदा अगदी स्पष्ट होता.

चारच्या सुमाराला त्यानं यादी उघडून बघितली. पाटी आली नाही. "साहेब गेले," तो स्वतःशी म्हणाला, यादी बंद केली आणि आपल्या संगणकावरची एक फाइल उचलून डब्यात नेऊन सोडली. पडद्यानं विचारलं, या नावाची फाइल तिथं आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवायची का?

मकसूदनं हो म्हटलं.

"मकसूदभाई," द्वारका ढिगामागून म्हणाली, "आता माझी लेक गेली."

तो दचकून उभा राहिला. दोघांनी यादी उघडली. गोदा नव्हती. पवळी नव्हती. सरदार बैल, वय चौदा, रंग पांढरा, दिमाखात आपल्या जागी उभा होता.

दहा मिनिटांत सगळे ऑफिसात जमले. गोदा पुन्हा झोळीत गेली होती, तेव्हा सगळे पुन्हा कुजबुजीवर आले.

"डबा बसवायला अंबाजोगाईचा माणूस आला, तेव्हा त्यानं काय विचारलं होतं?" द्वारकानं विचारलं.

"प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन इचारलं, या संगणकाला नाव कुणाचं देऊ," रामकिसन म्हणाला. "मी म्हनलं, आमचं कशाला, साहेबांचंच टाका. संस्था साहेबांची."

मकसूद खाली बघत होता. "मीबी तेच म्हनलो. नारळ साहेबांनी फोडला, आन् नाव आपलं टाकायचं, बरं दिसत न्हाई."

"तुमचे दोन्ही संगणक चेअरमनसाहेब झाले," द्वारका म्हणाली. "रामकिसननं यादी उघडली की डबा मकसूदभाईंना सांगतो, साहेब आत आहेत. मकसूदभाईंनी उघडली की रामकिसनला सांगतो, साहेब आत आहेत. तुम्ही दोघं एकमेकांना भीत होता."

"मग आमी इतके दिवस साहेब समजून..." रामकिसन मकसूदकडे बघून थांबला.

"पाटी बरोबरच होती. एका वेळी एकानंच लिहावं, म्हणून ती येते. नाव खरं असतं तर तुम्ही खिडकीतून हाक मारली असती. साहेबांना हाक कशी मारणार? म्हणून मकसूदभाई सकाळी यादीची नक्कल आपल्याकडे उतरवून घ्यायचे, दिवसभर तिच्यात चारा लिहायचे आणि चार वाजता ती नक्कल मूळ यादीवर ठेवून द्यायचे. मूळ यादी मधल्या वेळात बदलली का, हे न बघता. डब्याला खरंखोटं कळत नाही. शेवटी जो येतो त्याचं राहतं." ती सुंदररावांकडे वळली. "साहेब, भिंतीवर एकानं सकाळी नवं नाव रंगवलं, आणि संध्याकाळी दुसऱ्यानं चुना फासून कालचंच चिन्ह काढलं, तर काय राहील?"

"कालचं चिन्ह," सुंदरराव लगेच म्हणाले. ही गोष्ट त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"यात कुणाचा गुन्हा नाही. अदब जास्त झाली, एवढंच. दोघांचं लिहिलेलं एकत्र करून यादी नीट करू, साहेबांनी सही करावी आणि पाचला जाऊ द्यावी. साहेब तर फाइलीत कधी नव्हतेच."

हे शेवटचं वाक्य तिनं चांगल्या मनानं म्हटलं होतं. पण सगळ्यांची तोंडं सुंदररावांकडे वळली. इतके दिवस ज्यांचं लक्ष सगळीकडे होतं, त्यांच्याकडे. सुंदररावांच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या.

"नव्हतो कसा?" ते म्हणाले. "गाय मीच काढली."

६

द्वारकानं पेन खाली ठेवलं. चेअरमननं गुन्हा कबूल केला की यादी गोठवायची, असा तिच्या खात्याचा नियम होता. गोठवायची म्हणजे आता आहे तशी, पवळीशिवाय, सरदारसकट. भिंतीवरचं घड्याळ पाचाकडे सरकत होतं.

"साहेब, विचार करून बोला."

"विचार करूनच बोलतोय. पुतण्याचा राग होता. काढली." ते ताठ बसले होते. खलनायक ठरलेला माणूस गावात मिरवू शकतो. ज्याला संगणक चालू करता येत नाही, तो माणूस कसा मिरवणार, हे त्यांना माहीत नव्हतं.

"बरं," द्वारका म्हणाली. "कशी काढली ते दाखवा. पंचनाम्यात लिहावं लागेल."

सुंदरराव उठले. मखमलीचं कव्हर त्यांनी देवावरचं वस्त्र काढावं तसं काढलं. खुर्चीत बसले. पडद्याला खालून हात लावला, वरून लावला, मग मकसूदसारखी पाठीवर एक थाप दिली. काही झालं नाही.

"लाइट न्हाई," ते म्हणाले.

कूलर घुंघुं करत होता. सगळ्यांची नजर कूलरच्या वायरीवरून खाली गेली. ती वायर त्या टेबलामागच्या एकुलत्या एका सॉकेटात शिरली होती. संगणकाची वायर शेजारी गुंडाळून, रबर लावून ठेवलेली होती, दुकानातून आली तशी.

कुणी हसलं नाही. हसू येत होतं, पण झोळी होती.

बायनाबाई उंबऱ्यातून उठल्या आणि पहिल्यांदाच आत आल्या.

"सुंदरराव, तुमीच काढली असं मी चार दिवस सगळ्यांला सांगितलं. आता मॅडम म्हनतेत न्हाई. माझं चुकलं. पर तुमी म्हनता, काढली." त्यांनी खिडकीकडे हात केला. तिथून पवळी दिसत होती, उन्हात, मान खाली. "तिच्याकडं बघून एकदा म्हना. मी मानते, आन् दावं सोडून नेते तिला."

सुंदररावांनी खिडकीतून बघितलं. शेतकऱ्याच्या घरचा माणूस, गाभण गाय किती दिवसांची आहे हे लांबूनही कळायचं त्यांना. त्यांनी पवळीच्या पोटाकडे बघितलं, मग मखमलीच्या कव्हराकडे.

"मला ह्ये चालूसुदिक करता येत न्हाई," ते म्हणाले.

इतक्या हळू, की या वेळी त्यांना हळू बोला असं कुणाला सांगावं लागलं नाही.

"मलाबी न्हाई येत," बायनाबाई म्हणाल्या. "त्यात काय. सही येती न्हवं?"

सही येत होती.

मग धावपळ झाली. द्वारकानं रामकिसन आणि मकसूद दोघांना एकाच संगणकापुढे एका बाकड्यावर बसवलं. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं. पवळी आली. सरदार गेला, आणि तो जाताना मकसूदनं कानाला हात लावला. संगणकांची नावं बदलली. फाटकाचा रामकिसन झाला, गोदामाचा मकसूद. यादीचेही दोन भाग केले. जनावरं फक्त रामकिसननं लिहायची, चारा फक्त मकसूदनं, दुसऱ्याच्या भागात हात घालायचा नाही. जोडून छापायची ती संध्याकाळी, दोघांनी समोर बसून.

"आणि नक्कल उतरवून आपल्याकडे न्यायची नाही. नेलीच, तर परत ठेवताना आधी बघायचं, नेली तेव्हा होती तशीच मूळ यादी आहे का. बदललेली असेल तर ठेवायची नाही. आधी विचारायचं."

"कुणाला इचारायचं?" मकसूद म्हणाला.

"पाटीवर ज्याचं नाव असेल त्याला."

"साहेबांच्या संगणकाला काय नाव देऊ?" रामकिसननं विचारलं.

"त्येला ऱ्हाऊ द्या तसंच," सुंदरराव सही करता करता म्हणाले. "कूलर बंद करायचे दिवस आले की बघू."

पाचला जीप यादी घेऊन गेली. रामकिसन फाटकावर परत गेला, आणि सवयीनं चाऱ्याचा भाग उघडून बघायला लागला. पाटी आली. त्यानं ती दोनदा वाचली. मग आयुष्यात पहिल्यांदा खिडकीतून तोंड बाहेर काढून ओरडला, "मकसूद, फाइल सोड बे."

"चहा पितोय, थांब की जरा," गोदामातून उत्तर आलं. "आन् तुझं काय काम हाय चाऱ्यात?"

झोळी हलली. गोदा रडायला लागली. सगळे गपकन थांबले आणि द्वारकाकडे बघू लागले.

"ओरडा," ती म्हणाली. "चौकशी संपली."

मकसूदनं स्वतः पेंढी उचलून आणली आणि पवळीपुढे टाकली. पवळीनं हुंगून बघितलं आणि खायला लागली. बायनाबाईंनी तिच्याजवळच बैठक मारली आणि द्वारकाकडे हात पसरले.

"द्या तिला इकडं. तुमी सकाळपासून खाल्लं न्हाई. मी बघाय लागले कवाची."

द्वारकानं गोदाला त्यांच्या मांडीवर दिलं. पिशवीतून डबा काढला. भाकरी वाळून कडक झाली होती, ठेच्याचं तेल फडक्याला लागलं होतं. ती जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी, घाईनं, खायला लागली. घरी असं कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. पवळीही तशीच खात होती. बायनाबाई एकदा हिच्याकडे बघत होत्या, एकदा तिच्याकडे, आणि गोदाला मांडीवर हलवत म्हणत होत्या, "सावकाश. सावकाश खा बायांनो. कुणी न्हेत न्हाई आता."